तुर्कीच्या प्रत्ययांची दोरी: सहा महिन्यांच्या नोंदी

तुर्कीचे धातू पाठ आहेत, शब्द येतात, तरी समोरच्याचं वाक्य कळत नाही, अशा अवस्थेत जे अडकले आहेत त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या. काय केलं, काय फसलं, किती वेळ आणि पैसे गेले, एवढंच लिहिलंय. तुर्की शब्द देवनागरीत माझ्या खुणांनी लिहिले आहेत. त्या खुणा ६ फेब्रुवारीच्या नोंदीत सापडतील.

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, कादिकॉयमध्ये, राहायला येऊन चौदा महिने झाले. आठ आठवड्यांचा वर्ग केला, ९,५०० लिरा भरले, सगळे तक्ते घोकले. आज मंगळवारच्या बाजारात भाजीवाल्याने विचारलं, ‘आल्मायाजाक मऽसऽनऽज़?’ मला त्यातलं फक्त ‘आल’ ऐकू आलं. आल म्हणजे घे. मी ‘एवेत’ म्हणाले, म्हणजे हो. त्याने माझ्यासाठी निवडून ठेवलेले दीड किलो टोमॅटो परत ढिगात ओतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन वाक्य कागदावर तोडलं: आल-मा-याजाक मऽ-सऽनऽज़. घे-नाही-णार का-तुम्ही. ‘घेणार नाही का?’ असं विचारलं होतं त्याने, आणि मी हो म्हणाले.

धातू डोक्याशी असतो, अर्थ शेपटीत असतो, आणि मी डोकं ऐकून थांबते. खरं तर मराठी माणसाला हे अवघड जायला नको. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द आपलं पाच वर्षांचं पोर न अडखळता बोलतं. घर, त्यात आत, त्याला ला, त्याचं अनेकवचन, त्याला ना, वर सुद्धा. तुर्कीत हेच ‘एव-दे-कि-लेर-ए दे’ होतं, तुकड्याला तुकडा. वर्गात सगळं इंग्रजीतून समजावत होते, त्यामुळे हे जुळतंय हे कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

ठरवलं ते असं: स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायची दोरी बांधायची, प्रत्येक प्रत्ययाचं एक कार्ड करायचं आणि चिमट्यांनी ओळीत लटकवून शब्द जोडायचे. खर्च: पुठ्ठा १२० लिरा, दोन मार्कर १५०, दोरी ९०, चोवीस चिमटे ६०. एकूण ४२० लिरा.

६ फेब्रुवारी

पहिली चूक, आणि बरीच महागात पडलेली. चाळीस कार्डं लिहून झाल्यावर लक्षात आलं की सगळी टाकून द्यावी लागणार.

तुर्कीत आठ स्वर आहेत. १ नोव्हेंबर १९२८ ला नवी लिपी कायद्याने आली, तेव्हा त्या आठही स्वरांना आपापलं अक्षर मिळालं. अरबी लिपीत ते नीट दाखवता येत नसत. मी मात्र जे त्यांनी वेगळं केलं ते देवनागरीत परत एक करून टाकलं. दोन वेगळे ओ एकाच ओकाराने, दोन वेगळे उ एकाच उकाराने लिहिले. परिणाम असा की ‘झालं’ आणि ‘मेला’ हे दोन्ही शब्द माझ्या कार्डावर सारखेच दिसत होते.

आता ठरवलेल्या खुणा अशा.

जाड स्वर: आ, ऽ, ओ, उ (ह्रस्व). बारीक स्वर: ए, इ (ह्रस्व), ऑ, ऊ (दीर्घ). ह्रस्वदीर्घाचा इथे लांबीशी काही संबंध नाही. ऊ हा निराळा स्वर आहे: तोंडाने ई म्हणायचं आणि ओठ शीळ घालायच्या बेताने गोल करायचे. ऑ सुद्धा आपल्या डॉक्टरमधला नाही. ए म्हणत ओठ ओ सारखे करायचे. ऽ म्हणजे बिनटिंबाचा इ: उ म्हणायचा पण ओठ अजिबात गोल करायचे नाहीत. ‘केलं’च्या शेवटचा ओढलेला अ त्याच्या जवळ जातो, जीभ थोडी वर घ्यायची. ज़ म्हणजे ‘आवाज’च्या ऐटीतला मऊ ज. ग़ लिहायचा पण उच्चारायचा नाही, आधीचा स्वर लांबवायचा.

म्हणजे ‘ओल्दु’ झालं, ‘ऑल्दू’ मेला. आता फरक दिसतो.

खुणा ठरल्यावरही दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम हातात इतका मुरलाय की ‘ओकुलु’ (शाळेला) लिहायचं तर पेन आपोआप ‘ओकुलू’ लिहून जातं. माझ्या पद्धतीत तो वेगळा स्वर झाला. फोनचा कळफलकही तेच सुचवतो. त्यामुळे कार्डं हातानेच लिहायची, आणि लिहून झाल्यावर प्रत्येकाचं शेवटचं अक्षर बोट ठेवून तपासायचं.

वेळ गेला: दोन संध्याकाळी. पुन्हा पुठ्ठा: १२० लिरा.

१२ फेब्रुवारी

भूतकाळाचा प्रत्यय एकच, पण रूपं आठ: दऽ, दि, दु, दू, तऽ, ति, तु, तू. मी आठ कार्डं केली. तीन संध्याकाळी ती घोकत बसले आणि बोलताना दरवेळी आठांतून एक निवडावं लागायचं. तेवढ्यात समोरचा माणूस निघून जातो.

दुरुस्ती सोपी निघाली. आठ कार्डं फेकली आणि एकच केलं, पण त्यात स्वराच्या जागी कात्रीने खिडकी कापली. मागून चार स्वर लिहिलेली पट्टी सरकते. पट्टी कुठे थांबवायची ते धातूचा शेवटचा स्वर सांगतो: आ किंवा ऽ असेल तर ऽ, ओ किंवा उ असेल तर उ, ए किंवा इ असेल तर इ, ऑ किंवा ऊ असेल तर ऊ. काही प्रत्ययांत स्वर दोनच असतात, लार-लेर, दा-दे. तिथे जाडाला आ, बारकाला ए. धातूंची कार्डं रंगवली, जाड पिवळी, बारीक निळी. पिवळ्यापाठी पिवळंच आलं पाहिजे.

द चा त कधी होतो यासाठी इथल्या शाळेतली मुलं ‘फऽस्तऽक्चऽ शाहाप’ हे शब्द लक्षात ठेवतात, म्हणजे शेंगदाणे-पिस्ते विकणारा शाहाप. त्या दोन शब्दांतली व्यंजनं (फ स त क च श ह प) शेवटी आली की पुढचा द कडक होऊन त होतो. ‘याप्तऽ’ (केलं), ‘गित्ति’ (गेला), पण ‘आल्दऽ’ (घेतलं). शेंगदाणेवाला दोरीच्या टोकाला कायमचा टांगून ठेवलाय.

एक कानाचा सापळा इथेच सांगून ठेवते. ‘गेल’ म्हणजे ये. ‘गेल्दि’ म्हणजे आली. मराठी कानाला ते ‘गेली’ ऐकू येतं, बरोबर उलटं. वरच्या मजल्यावरच्या मावशी जिन्यातून ‘गेल, कऽज़ऽम, गेल’ म्हणाल्या की मी आजही क्षणभर थबकते. (त्यांना ‘तेय्ज़े’ म्हणते मी. तेय्ज़े म्हणजे मावशी. इथेही वयाने मोठ्या बाईला, ओळख असो नसो, मावशीच म्हणतात. ‘कऽज़ऽम’ म्हणजे माझी पोर.) या एका धातूला मी लाल चौकट केली.

२० फेब्रुवारी

हा आठवडा चांगला गेला. नामांना लागणारे तीन प्रत्यय स्वयंपाकघरातच सापडले.

ओट्यावरच्या चार बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या: साखर, दूध, मीठ, मध. शेकेर, सूत, तुज़, बाल. ‘असलेलं’ म्हणायचं तर लि: शेकेर्लि, सूत्लू, तुज़्लु, बाल्लऽ. ‘नसलेलं’ म्हणायचं तर सिज़: शेकेर्सिज़, सूत्सूज़, तुज़्सुज़, बाल्सऽज़. चार बरण्यांत चारही स्वर बसले. कॉफी सांगताना हे रोज लागतं, कारण तुर्की कॉफीत साखर उकळतानाच घालतात. नंतर ढवळायची सोय नाही.

हाच लि गावाच्या नावाला लागला की आपला ‘कर’ होतो. इस्तान्बुल्लु म्हणजे इस्तंबूलकर, आन्कारालऽ म्हणजे अंकाराकर. मावशींनी मला विचारलं ‘नेरेलिसिन?’ (कुठली तू?), तर मी ‘पुनेलियिम’ म्हणाले. पुणेकर आहे मी. कार्ड न बघता जमलेला हा पहिला शब्द.

धंदा सांगणारा जि-चि तर आपल्याकडे आधीच येऊन राहिलाय. खजांची, मशालची, बावर्ची यांतला ‘ची’ हाच. फारसीतून आपल्यापर्यंत आला. सूत्चू दूधवाला, बालऽक्चऽ मासेवाला, कापऽजऽ इमारतीचा राखणदार (कापऽ म्हणजे दार). कादिकॉय हे नावसुद्धा तोडता येतं: कादऽ म्हणजे काझी, कॉय म्हणजे गाव.

१ मार्च

विभक्ती. दोन गोष्टी मराठीपेक्षा सोप्या आहेत. लिंग नाही, तो, ती, ते सगळ्यांना ‘ओ’. आणि सामान्यरूप नाही. आपल्याकडे घोडा म्हटलं की ‘घोड्या’ केल्याशिवाय ला लावता येत नाही. इथे मूळ शब्द जागचा हलत नाही. शेवटी क, प, च असलेले काही शब्द तेवढे मऊ पडतात: एक्मेक (पाव) चं एक्मेग़ि, किताप चं किताबऽ.

फसले ती द्वितीयेत. मराठीत आपण कर्माला ला लावतो ते मुख्यतः जिवंत असेल तर. मुलाला पाहिलं, पण पुस्तक वाचलं. तुर्कीत जिवंतपणाचा प्रश्न नाही. ते कर्म ठरलेलं, ओळखीचं आहे का, एवढंच बघतात. पाववाल्याच्या दुकानात मी ‘एक्मेग़ि आलाजाग़ऽम’ म्हणाले आणि गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, ‘हान्गि एक्मेग़ि?’ कोणता पाव? कारण मी ‘तो पाव घेणार आहे’ असं म्हटलं होतं. नुसता पाव हवा तर ‘एक्मेक आलाजाग़ऽम’.

दुसरी अडचण: कुठल्या क्रियापदाला कुठली विभक्ती. आपण कुत्र्याला घाबरतो, ते कुत्र्यापासून घाबरतात: कॉपेक्तेन कोर्क. आपण काम सुरू करतो, ते कामाला सुरू होतात: इशे बाश्ला. हे तर्काने येत नाही. तूर्क दिल कुरुमु ही १९३२ साली स्थापन झालेली भाषासंस्था. तिच्या शब्दकोशात क्रियापदाशेजारीच -इ, -ए, -देन अशी खूण असते. आता धातूचं कार्ड करतानाच ती शेपटी त्याच्या मागे स्टेपल करते. धातू एकटा पाठ करायचाच नाही. आधीची साठ कार्डं परत काढून शेपट्या लावल्या, चार तास गेले.

११ मार्च

लपलेला न. कुरिअरवाल्याला चिठ्ठी लिहून ठेवली की पुडकं शेजारच्यांच्या दारात ठेवा. लिहिलं ‘कापऽसऽदा’. बरोबर होतं ‘कापऽसऽन्दा’. त्याचं-तिचं दाखवणारा प्रत्यय (इ किंवा सि) आला की त्यापुढे विभक्ती लावण्याआधी एक न बसवावा लागतो. वर्गात हे शिकवलं होतं, पण ‘त्याचं’ असं काही माझ्या मनातच नव्हतं, म्हणून न आठवला नाही.

हा न मला फलकांनी शिकवला. इथल्या निम्म्या जागांच्या नावात तो प्रत्यय दडलेला असतो. मंगळवारचा बाजार म्हणजे सालऽ पाज़ारऽ. शेवटचा ऽ म्हणजे ‘त्याचा’, मंगळवार-त्याचा-बाजार. म्हणून बाजारात म्हणायचं तर सालऽ पाज़ारऽन्दा. आयरऽलऽक चेश्मेसि हे आमच्या जवळचं मेट्रो आणि मार्माराय रेल्वेचं स्थानक, निरोपाचा पाणवठा असा त्याचा अर्थ. स्थानक आलं की चेश्मेसिन्दे उतरायचं. घरातून स्थानकापर्यंत जाताना दिसेल त्या नावाला ‘मध्ये’ लावत गेले. चार दिवसांत न जिभेवर बसला.

३० मार्च, रविवार

आज गुढीपाडवा, आणि इथे रमजानच्या सणाचा पहिला दिवस. दोन्ही एकाच दिवशी आले. श्रीखंड केलं. इथे चक्का टांगावा लागत नाही. ‘सूज़्मे योग़ुर्त’ म्हणून गाळलेलं दही दुकानात तयार मिळतं. (सूज़ म्हणजे गाळ, मे लावलं की गाळलेलं.) वेलची, थोडं केशर, वर पिस्ते. वाटी झाकून वरच्या मजल्यावर गेले.

‘बायरामऽनऽज़ कुत्लु ओल्सुन’ (सणाच्या शुभेच्छा) व्यवस्थित म्हणाले. मावशींनी उभ्याउभ्याच चमचाभर चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘चोक गूज़ेल ओल्मुश.’

मी गप्प झाले. ‘मिश’ हा प्रत्यय मी दोरीवर ‘म्हणे’ या चिठ्ठीखाली टांगला होता. गेल्मिश, आला म्हणे. आपण पाहिलं नाही, कुणाकडून तरी कळलं. मला ही जोडी इतकी चपखल वाटली होती की पुढे काही तपासलंच नाही. मग स्वतःच्या जिभेने चाखून ‘छान झालंय म्हणे’ असं त्या का म्हणतील? आवडलं नाही, वरवर बोलल्या, असं वाटून मन खट्टू झालं. त्या तर लगेच ‘एल्लेरिने साग़्लऽक’ म्हणाल्या, तुझ्या हातांना आरोग्य लाभो, आणि दुसरी वाटी आणायला आत गेल्या.

संध्याकाळी त्यांच्या नातवाला विचारलं. त्याने चार उदाहरणं दिली आणि उलगडा झाला. मिश म्हणजे घडताना पाहिलं नाही, नंतर समजलं. कसं समजलं ते मोकळं आहे. कुणी सांगितलं असेल, खुणा दिसल्या असतील, किंवा आत्ता चाखून कळलं असेल. श्रीखंड होताना त्यांनी पाहिलं नव्हतं. चमचा तोंडात गेला तेव्हा कळलं. मराठीत त्याला ‘म्हणे’ नाही, ‘की’ आहे: ‘अगं, छान झालंय की!’ सकाळी उठून खिडकी उघडली, रस्ता ओला दिसला, तर आपण म्हणतो ‘पाऊस पडलाय वाटतं’. तो ‘वाटतं’ही मिशमध्येच मोडतो.

यावरून मागची एक चूकही कळली. वर्गात असताना मी ‘काल बाजारात गेले’ हे ‘गित्मिशिम’ असं लिहायचे, कारण ‘गेलेली’च्या जवळचं वाटायचं. स्वतःबद्दल मिश वापरला तर आपल्याला न कळत घडलं असा अर्थ निघतो. ‘उयुमुशुम’, मला झोप लागली होती, कळलंच नाही. बाजारात माणूस न कळत जात नाही. साधं ‘गित्तिम’ हवं होतं.

‘म्हणे’ ची चिठ्ठी काढली. आता तीन लावल्या आहेत: म्हणे, वाटतं, की. ज्यांनी माझ्यासारखंच मराठीशी जोडून शिकायचं ठरवलंय त्यांना कळकळीने सांगते: जोडी सापडली की तिथे थांबू नका. ती कुठवर पुरते ते बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

९ एप्रिल

काळांची कामं, भराभर.

पुरुषप्रत्ययांचे दोन संच आहेत आणि मी ते एकमेकांत मिसळत होते. भूतकाळाच्या दि मागे म, न, (काही नाही), क, निज़, लेर. बाकीच्या बहुतेकांमागे इम, सिन, (काही नाही), इज़, सिनिज़, लेर. मी ‘आम्ही आलो’ साठी ‘गेल्दियिज़’ म्हणायचे; बरोबर ‘गेल्दिक’. दोन संच दोन वेगळ्या रंगांच्या चिमट्यांना चिकटवले.

चालू काळाच्या ‘इयोर’मधला ओ आधीचा स्वर पाहून बदलत नाही, जागेवरच राहतो. पण इयोर मागच्या धातूचा शेवटचा आ किंवा ए गिळतो: बेक्ले चं बेक्लियोर, आन्ला चं आन्लऽयोर, सॉय्ले चं सॉय्लूयोर. मी महिनाभर ‘बेक्लेयोरुम’ म्हणत होते. उपाय म्हणून अशा धातूंच्या कार्डांची शेवटची पट्टी दुमडती केली.

नेहमीच्या काळाचा ‘र’ जास्त छळतो. एकाक्षरी धातूला सहसा आर-एर लागतो, पण तेरा धातू ऐकत नाहीत, त्यांना इर-उर लागतो: आल, बिल, बुल, दुर, गेल, गॉर, काल, ओल, ऑल, सान, वार, वेर, वुर. पाठ करण्याशिवाय मार्ग नाही. मी भांडी घासताना चालीवर म्हटले, दोन दिवसांत झाले. नकारात ‘मेज़’ येतो, पण ‘मी’ला नाही: ‘करत नाही’ म्हणजे ‘याप्माम’.

हा काळ वापरायचा कुठे, ते चहाने शिकवलं. आपण ‘चहा घेताय ना?’ असं चालू काळात विचारतो. मी मावशींना तसंच ‘चाय इचियोर मुसुनुज़?’ विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हो, सकाळ-संध्याकाळ पितात. आग्रह करायचा असेल तर ‘चाय इचेर मिसिनिज़?’ म्हणायचं, चहा घ्याल का. नंतर स्वतःच म्हणाल्या, ‘चाय माय इचेलिम’, चहाबिहा घेऊ. आपला बि, त्यांचा म. एवढं सारखं काही ऐकलं की फार आनंद होतो.

३ मे

वाचनालयाच्या दारावर ‘ओकुमा’ असं लिहिलेलं पाहून मी आत जायचं थांबले. ओकु म्हणजे वाच, मा म्हणजे नको. आत टेबलं मांडून पोरं वाचत बसली होती. इथे मा नकाराचा नव्हता, क्रियापदाचं नाम करणारा होता: वाचन. लिहिताना दोन्ही एकसारखे. बोलताना आघात वेगळा: ‘ओकु’वर जोर दिला तर वाचू नको, शेवटच्या ‘मा’वर दिला तर वाचन. कार्डावर जोराच्या जागी आडवी रेघ मारली. त्याआधी तीन महिने आघाताकडे मी बघतच नव्हते, ही मोठी कमतरता राहिली.

याच आठवड्यात ‘शकणे’ चुकलं. मावशींनी जेवायला बोलावलं होतं, मला जमणार नव्हतं. म्हणायचं होतं ‘गेलेमेम’, मला येता येणार नाही. म्हणाले ‘गेल्मेयेबिलिरिम’, म्हणजे कदाचित यायची नाही. त्यांनी माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं आणि साडेनऊपर्यंत वाट पाहिली. नकाराचा मे ‘शकण्या’च्या आत बसला की येता येत नाही, आधी बसला की न येण्याची शक्यता. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्यांनी ताट डब्यात भरून दिलं.

२४ मे

मावशींच्या नातवाने शाळेतलं लांबलचक वाक्य म्हणून दाखवलं: ‘चेकोस्लोवाक्यालऽलाश्तऽरामादऽक्लारऽमऽज़्दान मऽसऽनऽज़?’ ज्यांना आम्ही चेकोस्लोव्हाकियाकर बनवू शकलो नाही त्यांच्यापैकी तुम्ही आहात का? तो देश १९९३ च्या पहिल्या दिवशी दोन झाला, शब्द मुलांच्या तोंडी राहिलाय. रात्री दोरीवर लावला. बारा कार्डं, बारा चिमटे. देशाचं नाव, ‘लाश’ (होणे) आणि ‘तऽर’ (करायला लावणे) सोडले तर एकही कार्ड नवं करावं लागलं नाही.

वाक्यं जोडणारे प्रत्ययही या आठवड्यात झाले, आणि सगळ्या सहा महिन्यांत सर्वांत लवकर. दोन संध्याकाळी. कारण इथे मराठी जवळजवळ तशीच बसते. इप म्हणजे ऊन: गिदिप, जाऊन. केन म्हणजे ताना: गिदेर्केन, जाताना. इन्जे म्हणजे ल्यावर: गेलिन्जे, आल्यावर. ‘दे’ म्हणजे म्हण, त्यातून ‘दिये’, म्हणून. ‘याग़्मुर याग़ाजाक दिये शेम्सिये आल्दऽम’: पाऊस पडणार म्हणून छत्री घेतली. शब्दाखाली शब्द लिहिला, क्रमही हलला नाही. ‘गेलेजेक हाफ्ता’ म्हणजे येता हप्ता, पुढचा आठवडा. आपणही येणे या धातूतूनच ‘येत्या आठवड्यात’ म्हणतो. वर्गात यावर तीन आठवडे गेले होते आणि निम्मे जण रडकुंडीला आले होते.

२१ जून

आणि इथे मराठी अडली. ‘आलेला माणूस’ आणि ‘मी वाचलेलं पुस्तक’ दोन्हीकडे आपला लेला एकच. माणूस स्वतः आला, पुस्तक मात्र मी वाचलं. आपल्याला त्याचं काही नाही. तुर्कीत दोन वेगळे प्रत्यय आहेत. मी पुस्तकाच्या दुकानात ‘ओकुयान किताप’ म्हणाले, म्हणजे वाचन करणारं पुस्तक. हवं होतं ‘ओकुदुग़ुम किताप’.

कसोटी अशी ठेवली: पुढचं नाम स्वतः ते काम करतंय का? करत असेल तर आन-एन. गेलेन आदाम, आलेला माणूस. करत नसेल तर दिक, आणि त्याच्यामागे काम कुणाचं ते सांगणारा प्रत्यय: ओकुदुग़ुम माझं, ओकुदुग़ुन तुझं, ओकुदुग़ु त्याचं. दोरीवर हे जमेना, म्हणून दुसरी दोरी बांधली (९० लिरा). एकीवर करणारे, दुसरीवर केलेले. घरातल्या वस्तू उचलून रोज दहा वाक्यं करत होते: मी घेतलेली पिशवी, आईने पाठवलेला मसाला, गळणारा नळ. पाच आठवडे झाले, अजून दहातलं एक चुकतं.

२ ऑगस्ट, शनिवार

आजवरचा खर्च ७८० लिरा, त्यात वाया गेलेला पुठ्ठाही आला. वेळ रोज सरासरी चाळीस मिनिटं.

मावशींनी सकाळी दहाला न्याहारीला बोलावलं होतं. पलीकडच्या युरोपीय बाजूच्या काराकॉयहून परत येताना माझी फेरीबोट समोरून सुटली आणि पुढच्या बोटीने येईतो पाऊण तास उशीर झाला. दार उघडून त्या म्हणाल्या, ‘गेलेमेयेजेग़िनि सान्दऽम, कऽज़ऽम.’ तुला यायला जमणार नाही असं वाटलं गं मला. गेल-ए-मे-येजेग़-इन-इ. सहा कार्डं. मी त्यातलं एकही मनात लटकवलं नाही. पूर्ण वाक्य कानात शिरलं आणि कळलं.

‘वापुरु काचऽर्दऽम,’ मी म्हणाले. बोट चुकली. काच म्हणजे पळ, काचऽर म्हणजे पळव. बोट पळवून लावली मी, असं म्हणतात इथे. ती ठरलेली बोट होती म्हणून ‘वापुर’ला उ लागला, हे मला चहाचा दुसरा पेला होईपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

पळणे-पळवणे, बसणे-बसवणे. उद्यापासून हे प्रयोजक प्रत्यय घ्यायचे. त्यांची रूपं बरीच दिसतायत. पुठ्ठा आणायला हवा.